पिन टाकताना झूम केलं होतं का?

मागच्या ऑक्टोबरची गोष्ट. काटोल मागे टाकून जलालखेड्याकडे निघालो होतो, सकाळचे साडेआठ वाजले असतील, ऊन अजून कोवळं, रस्ता रिकामा, दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा आणि त्यात हिरवीकंच फळं लटकलेली, आणि तेवढ्यात मोटरसायकलच्या गोल नकाशा-स्क्रीनवरची निळी रेष टपकन उजवीकडे वळली. म्हटलं असेल शॉर्टकट. वळलो. पहिले शंभर मीटर डांबर, मग गिट्टी, मग नुसतीच पांदण. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता हे मला माहीत नव्हतं, स्क्रीनला तर कसं माहीत असणार.

काळी माती ज्याने तुडवलीय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. ती टायरला लागत नाही, टायरवर चढते. आधी एक थर, त्यावर दुसरा, मग मडगार्ड आणि टायरच्या मधली सगळी जागा भरून जाते आणि पुढचं चाक फिरणंच बंद होतं, म्हणजे इंजिन चालू, पहिला गिअर टाकलेला, मागचं चाक जागच्या जागी चिखल उडवतंय आणि पुढचं चाक एखाद्या दगडासारखं घसटत चाललंय. उतरलो. बागेच्या कुंपणातली एक काडी तोडून मडगार्डात खुपसत बसलो. स्क्रीन तोवर शांतपणे सांगत होती, ३०० मीटर सरळ.

बागेतून एक काका आले. खांद्यावर दुपट्टा, हातात मोबाईल. आधी गाडी बघितली, मग स्क्रीन बघितली, मग माझं जॅकेट आणि गुडघ्याचे गार्ड, आणि एकदम गंभीर होऊन म्हणाले, "मोजणीले आले का भाऊ?"

मी म्हटलं नाही हो काका, चिखलदऱ्याला चाललोय.

"मंग इकडं काहून येऊन राहिले? हा रस्ता कुठंच जात नाई. माह्या वावरात संपते."

मग दोघांनी मिळून गाडी मागे ओढली. त्यांनी चार हिरवी संत्री टँक बॅगमधे कोंबली, आंबट असतील पण प्रवासात बरी वाटतात म्हणाले. मेन रोडला लागलो तर स्क्रीनवर यू-टर्नचं चिन्ह. पुढे गेलो, परत यू-टर्न. चार किलोमीटर, सहा किलोमीटर, ती बाई कानात बोलतच होती, परत फिरा. काकांच्या वावरात मला नेल्याशिवाय तिचं समाधान होणार नव्हतं.

वरुडला चहाला थांबलो तेव्हा घरी फोन केला. आईला चिखलाचं सांगितलं नाही, बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "पिन टाकताना झूम केलं होतं का?"

बाबा भूमी अभिलेखमधून रिटायर झालेत. भूकरमापक. गावात कुणी हा शब्द वापरत नाही, गावात ते "मोजणीवाले साहेब" असतात, आणि ते आले की दोन भाऊ तरी भांडतातच. शंकू साखळी, फलक यंत्र ही मोजणीची साधनं आणि खुणेचे दगड यातच त्यांचा जन्म गेला. स्मार्टफोन त्यांच्याकडे उशिरा आला, पण मॅप उघडला की ते आधी दोन बोटांनी इतकं झूम करतात की पार घराचे पत्रे दिसायला लागतात, आणि मगच बोलतात. मला त्यांची ही सवय चिडवायला बरी वाटायची. त्या दिवशी वरुडच्या टपरीवर मी रूट उघडला, झूम केला, आणि बघितलं तर माझा चौथा पॉइंट, म्हणजे रस्ता आखायला टाकलेली चौथी पिन, रस्त्यावर नव्हताच. तो रस्त्यापासून बराच आत, एका बागेच्या बरोब्बर मधे बसलेला होता. मीच टाकलेला. आदल्या रात्री, पलंगावर लोळून, अंगठ्याने.

आता हे का घडतं ते जरा सांगतो, कारण नवीन गाड्या घेतलेले माझे निम्मे मित्र याच खड्ड्यात पडलेत.

नागपूरहून चिखलदऱ्याला जायचं म्हटलं की कुठलंही नेव्हिगेशन तुम्हाला अमरावती रोड देतं. वाडी, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, मग परतवाडा. बरोबरच आहे, चौपदरी रस्ता, वेळ कमी. पण गाडी घेऊन निघालेल्या माणसाला वेळ कमी करायचा असता तर तो एसटीने नसता का गेला. मला काटोल, जलालखेडा, वरुड, मोर्शी, चांदूरबाजार असं संत्रापट्ट्यातून जायचं होतं. हे मशीनला कळत नाही. त्याला कळतं ते लवकर आणि जवळ. म्हणून तुम्ही मधे मधे पॉइंट टाकून त्याला आपल्या रस्त्यावर वळवत नेता, एखाद्या हट्टी बैलाला नेतात तसं, इकडून टोच, तिकडून टोच. त्यातही दोन जाती आहेत. एक थांब्याचा पॉइंट, जिथे तुम्ही पोचलात की ते "पोचलात" म्हणून सांगतं, आणि तिथे टेकल्याशिवाय पुढचं बोलत नाही. दुसरा नुसता रस्ता वळवण्यापुरता, त्याला शेपिंग पॉइंट म्हणतात, तो गुपचूप असतो. बऱ्याच सिस्टीममधे तुम्ही काहीही टाकलं तरी ते थांबाच समजतात, आणि थांबा चुकला की परत फिरा, परत फिरा, परत फिरा. रोडच्या दुसऱ्या बाजूला पडलेला पॉइंट असेल तर डिव्हायडर ओलांडून पलीकडे टेकवून आणतात. माझा तर वावरातच पडला होता.

आणि का पडला याचं गणित मी नंतर घरी बसून केलं, बाबांनी करायला लावलं. नागपूर ते चिखलदरा सरळ रेषेत साधारण १८० किलोमीटर. हा सगळा पट्टा फोनच्या स्क्रीनवर आडवा बसवला तर दहाएक सेंटीमीटर. म्हणजे एक सेंटीमीटरला १८ किलोमीटर. माझ्या अंगठ्याचं टोक सेंटीमीटरच्या वरच भरतं. तर मी "इथे" म्हणून बोट टेकवलं तेव्हा प्रत्यक्षात मी अर्ध्या तालुक्यावर अंगठा ठेवला होता आणि मशीनने त्यातली कुठलीतरी एक जागा प्रामाणिकपणे उचलली. उपग्रहाची काही चूक नाही. ते बिचारे २०,२०० किलोमीटर वरून फिरतायत, त्यातले चार दिसले की फोनला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि मोकळ्या आभाळाखाली साधा फोन पाचएक मीटरच्या आत जागा सांगतो. पाच मीटर! आणि माझ्या अंगठ्याची चूक किलोमीटरात.

माझ्या गाडीत नेव्हिगेशन "बिल्ट-इन" आहे असं शोरूममधे सांगितलं होतं, आणि आहेही, फक्त बिल्ट-इन आहे ती स्क्रीन. डोकं फोनमधेच. फोन खिशात, त्यातला नकाशा वायरशिवाय स्क्रीनवर येतो, डाव्या हँडलवर एक छोटी जॉयस्टिक, तिने झूम करायचं. खराखुरा बिल्ट-इन म्हणजे होंडाची गोल्डविंग, २००६ च्या मॉडेलमधे आतूनच जीपीएस बसवून आलेली ती पहिली मोटरसायकल, आणि ती गाडी वजनाने आणि किमतीने एखाद्या फ्लॅटच्या तोडीची. आपल्यासारख्यांना फोनचीच स्क्रीन बरी. एक मात्र आहे, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात फोन हँडलवर लावला की पंधरा मिनिटांत गरम होऊन बंद पडायचा, आता तो खिशात सावलीला असतो. हा फायदा कुठल्याच ब्रोशरमधे लिहिलेला नसतो, पण नागपूरकराला विचारा.

अजून एक, लोक नेटवर्क गेलं की जीपीएस गेलं म्हणतात. तसं नसतं. उपग्रहाला तुमच्या सिमकार्डशी काही घेणंदेणं नाही. नेटवर्क गेलं की नकाशा येणं बंद होतं आणि नवा रस्ता शोधणं बंद होतं, ठिपका मात्र चालूच असतो, पांढऱ्या कोऱ्या पडद्यावर तुम्ही एकटेच सरकत राहता. परतवाड्याच्या वर मेळघाटात माझं हेच झालं. नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, एवढंच.

बरं, अंगठ्यानंतरची दुसरी चूकही सांगून टाकतो, म्हणजे मोकळा होतो. कारंज्याला मित्राच्या बहिणीचं लग्न होतं. घाईत निघालो, रूट लावला, आणि आदल्या आठवड्यात घरच्यांना कारने नेलं होतं त्यामुळे मोड कारवरच राहिला. गूगल मॅप्समधे टू-व्हीलरचा वेगळा मोड आपल्याकडे २०१७ च्या डिसेंबरपासून आहे, तो बदलायचा असतो हे मला पाठ आहे, तरी राहिला. मशीनने सरळ शिवमडक्याला नेलं, समृद्धीच्या तोंडावर. समृद्धीवर टू-व्हीलरला बंदी. ७०१ किलोमीटरचा महामार्ग आपल्या अंगणात सुरू होतो आणि आपण गाडीवरून तो नुसता लांबून बघायचा. तिथल्या माणसाने लांबूनच हात हलवायला सुरुवात केली, त्याला बहुतेक दिवसातून दहा वेळा हे करावं लागत असणार, कारण त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळा होता. लग्नाला पोचलो तेव्हा पंगत उठली होती.

तर झूमच्या प्रश्नापासून बाबांनी माझ्या रूट प्लॅनिंगमधे लक्ष घालायला सुरुवात केली. रात्री जेवणं झाली की डायनिंग टेबलवर मी लॅपटॉप उघडायचो, ते चष्मा पुसत शेजारी बसायचे. मी पॉइंट टाकला की ते म्हणायचे, जवळ घे. अजून जवळ. आता रस्त्याच्या मधे घे. पुलावर नको टाकू, खाली नाल्यात मोजेल. चौकात नको, चौकाच्या पुढे टाक, म्हणजे कुठल्या हातावर वळायचं ते नक्की होईल. हे शेवटचं मला कुठल्याही यूट्यूब व्हिडिओत मिळालं नव्हतं आणि हे इतकं बरोबर आहे की तेव्हापासून मी तसंच करतो. आई आतून ओरडायची, अरे रस्ता काढताय की रस्ता बांधताय?

अशाच एका रात्री लॅम्बटनचा विषय निघाला. सुरुवात झाली झिरो माइलपासून. आपला तो चार घोड्यांचा खांब, त्याच्यासमोरून मी रोज ऑफिसला जातो आणि फार फार तर पाहुण्यांना दाखवतो की हा बघा भारताचा मध्य. बाबा चिडतात. म्हणे मध्य-बिध्य सोड, तिथे खाली जीटीएसचा दगड आहे, १९०७ चा, स्टँडर्ड बेंच मार्क, त्याच्यावरून उंची मोजायची, तो खरा माल आहे. जीटीएस म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, इंग्रजांनी केलेली अख्ख्या भारताची मोजणी. तो ज्याने १८०२ मधे मद्रासला सुरू केला तो विल्यम लॅम्बटन, आणि तो मेला कुठे माहितेय? आपल्या हिंगणघाटला. २० जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरला येत होता, वाटेतच गेला.

"म्हणजे नागपूरला पोचलाच नाही?"

"नाही पोचला."

मग बाबांनी जी सुरुवात केली ती रात्री बारापर्यंत. लॅम्बटनकडे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट होता, कोन मोजायचं यंत्र. १८०८ मधे तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि ते आपटून वाकडं झालं. लॅम्बटन तंबूत बसून स्वतःच्या हाताने ते ठोकून ठोकून परत गोल करत बसला. त्याची साखळी तर चीनच्या बादशहाला भेट म्हणून पाठवलेली होती, बादशहाने ती घेतली नाही, ती फिरत फिरत कलकत्त्याला आली आणि याने घेतली. शंभर फुटी पोलादी साखळी. आणि ती मोजताना तिच्यावर ऊन पडू द्यायचे नाहीत, कारण उन्हाने लोखंड वाढतं आणि केसाएवढा फरक पडतो, म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून वर सावली धरून मोजायची. हे सांगताना बाबांचा आवाज बदलला होता. त्यांनी स्वतः एप्रिल-मेमधे विदर्भातल्या वावरांत साखळी ओढलीय, उमरेडला, समुद्रपूरला, आणि तिथे सावली धरायला कोण होतं.

मी म्हटलं, बाबा चला की. हिंगणघाट पाऊणशे-ऐंशी किलोमीटर तर आहे. ते म्हणाले, मी तिथे दीड वर्ष पोस्टिंगला होतो, कधी गेलो नाही त्याच्या कबरीवर. मग जरा थांबून, हेल्मेट आहे का एक्स्ट्रा?

जानेवारीतल्या एका रविवारी निघालो. आईने बाबांना दोन स्वेटर आणि एक मफलर घातला, हेल्मेट कसंबसं बसलं. आधी तर्री पोहा खाल्ला, ते आमच्याकडे इंधनातच धरतात. वर्धा रोडला लागलो, अजनीपासून डबलडेकरवर चढलो, आणि स्क्रीन येडी झाली. वर मेट्रो, मधे आपण, खाली जुना रस्ता, ३.१४ किलोमीटर लांबीचं तीनमजली प्रकरण, त्याची गिनीज बुकात नोंद आहे याचा आम्हा नागपूरकरांना कोण अभिमान, पण फोनला वरून फक्त एक रेष दिसते. आम्ही फ्लायओव्हरवर असताना ती बाई म्हणते डावीकडे वळा. डावीकडे कठडा. बाबा मागून ओरडले, काय म्हणते? मी म्हटलं, आपण खाली आहोत असं म्हणते. बाबा म्हणाले, हिला बेंच मार्क दाखवा एकदा.

पुढे बुटीबोरीपर्यंत ते गप्प होते. मग मागून कॉमेंट्री सुरू झाली. स्क्रीनकडे त्यांना काही दिसत नव्हतं, माझं हेल्मेट मधे येत होतं, त्यांना गरजही नव्हती. इथे गावाची शीव संपली. हा नाला दोन गावांच्या मधे, याच्यावरून तीन केसेस. त्या बाभळीपाशी एक खुणेचा दगड होता, रोड रुंद झाला तेव्हा गेला. मी ऐंशीने चाललेलो आणि ते मागे बसून गावांच्या शिवा सांगतायत, एकीकडून दुसरीकडे, आणि मला इतक्या वर्षांत हा रस्ता म्हणजे बुटीबोरी, जाम, हिंगणघाट असे तीनच ठिपके वाटत होते. जामला चहा घेतला. बाबांनी पाठ सरळ केली, सीट कडक आहे म्हणाले, आणि परत बसले.

कबरीचा पॉइंट मी आधीच टाकून ठेवला होता, कुणाच्या तरी प्रवासवर्णनातून उचललेला. गावात शिरलो, दोन गल्ल्या, एक उजवं, एक डावं, आणि "तुम्ही पोचलात". समोर पिठाची गिरणी. रविवारची बंद. बाबांनी काहीच म्हटलं नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे.

पानठेल्यावर विचारलं. लॅम्बटन म्हटलं तर कळेना, सर्व्हेवाला इंग्रज म्हटलं तर त्याने पान लावता लावता मान वर केली, "ते गोऱ्या सायबाची का? असं जा, मंग असं जा," आणि हाताने जी दिशा दाखवली तीत निदान तीन वळणं होती. एक पोरगं सायकलवर पुढे निघालं आणि आम्ही त्याच्या मागे.

पोचलो. बाबा गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं, केस चपटे झालेले, मफलर तसाच. मला वाटलं काहीतरी बोलतील. ते चारी बाजूंनी एक चक्कर मारून आले, कुठला रस्ता किती लांब आहे ते बघत, जागेवर गेल्यावर त्यांची पहिली गोष्ट नेहमी हीच. मग दगडावर हात ठेवला आणि जरा वेळ ठेवूनच उभे राहिले. सायकलवालं पोरगं माझ्या स्क्रीनवर बोट फिरवत होतं, टच आहे का काका, टच आहे का. नाही म्हटलं, ही जॉयस्टिक.

"फोन दे इकडं," बाबा म्हणाले.

मी दिला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, उन्हाकडे पाठ केली, दोन बोटांनी नकाशा मोठा केला, अजून मोठा, पार पत्रे दिसेपर्यंत, आणि जिथे उभे होते तिथे पिन टाकली. मग परत बघितलं. नखाने ती जराशी डावीकडे सरकवली. परत एकदा दगडाकडे, परत फोनकडे.

"आता बरोबर," म्हणाले. "नाव टाक याला."

मी नाव टाईप केलं तर कीबोर्डने लॅम्बटनचं लांबटेबल केलं. ते दुरुस्त करेपर्यंत बाबा पोराच्या सायकलची चेन बघत होते.